ताटामागचं विज्ञान – लेखांक ११ : मेन्यूवरचा आकडा कोणाला बदलतो?

मागच्या आठवड्यात आपण पाकिटावरच्या पोषणतक्त्याची उजळणी केली. आज हॉटेलच्या मेन्यूकडे वळू.

२००८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांमधल्या फास्ट फूडच्या दुकानांबाहेर काही संशोधक उभे असायचे. खाणं घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला ते थांबवत, त्याची पावती मागून घेत, चार प्रश्न विचारत आणि मोबदला म्हणून दोन डॉलर हातावर ठेवत. देशभरात पंधरा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या साखळ्यांनी प्रत्येक पदार्थाशेजारी कॅलरी छापायच्या, असा नियम त्या शहराने नुकताच लागू केला होता. (इथे कॅलरी म्हणजे किलोकॅलरीच, मेन्यूवर दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतात.) अमेरिकेत असा नियम पहिल्यांदाच होत होता. त्याने काही फरक पडतो का, हे तपासायला ब्रायन एल्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमाआधीच्या आणि नंतरच्या पावत्या जमवल्या. तुलनेसाठी शेजारचं नेवार्क शहर घेतलं, कारण तिथे असा नियम नव्हता. एकूण १,१५६ प्रौढांची माहिती हाती आली.

न्यूयॉर्कमधल्या सुमारे निम्म्या लोकांनी आकडे पाहिले होते. पाहणाऱ्यांपैकी पावापेक्षा थोडे जास्त लोक म्हणाले, की हो, त्याचा आमच्या निवडीवर परिणाम झाला. पावत्या मात्र वेगळंच सांगत होत्या. नियमाआधी एका खरेदीत सरासरी ८२५ कॅलरी होत्या, नंतर ८४६. हा फरक नगण्यच मानायचा. आकडा दिसला, पटलाही, पण ट्रेमध्ये तेच आलं.

त्याच शहरात स्टारबक्सच्या दुकानांतलं चित्र थोडं निराळं होतं. तिथल्या लाखो व्यवहारांचा अभ्यास झाला, तेव्हा एका व्यवहारामागे कॅलरी सुमारे सहा टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. ही घट जवळजवळ सगळी खाण्याच्या पदार्थांतली होती. कॉफी लोकांनी सोडली नाही, कॉफीसोबतचा केक किंवा मफिन टाळला. पोटभर जेवायला आलेला माणूस आणि कॉफीसोबत तोंडात टाकायला काहीतरी घेणारा माणूस यांच्या गरजा एक नाहीत, खिसेही एक नाहीत. दिवसभर राबून आलेल्याला तेवढ्याच पैशात जास्त पोट भरणारं हवं असतं. त्याच्यासाठी ८०० हा आकडा धोक्याचा नसतो, पैसे वसूल झाल्याचा असतो. त्याला ‘बेजबाबदार’ म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

त्यानंतरची वर्षं या विषयात अभ्यासांचा पाऊस पडला. अमेरिकेने मे २०१८ पासून वीस किंवा अधिक शाखांच्या साखळ्यांना देशभर हा नियम लावला. इंग्लंडने ६ एप्रिल २०२२ पासून २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांना लावला. जगभरच्या चाचण्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२५ मध्ये सगळ्याची गोळाबेरीज मांडली, ती अशी : ६०० कॅलरींच्या जेवणात लेबलामुळे सरासरी ११ कॅलरी कमी होतात. म्हणजे पाऊण चमचा साखर. रोजच्या रोज, कोट्यवधी माणसांच्या ताटातून तेवढी गेली तर ती नगण्य नाही, हे खरं. पण ‘माहिती द्या, लोक आपोआप शहाण्यासारखं खातील’ या भाबड्या आशेला हा आकडा पुरा पडत नाही.

माहिती असून ती उपयोगी का पडत नाही, हा मला या विषयातला सगळ्यात कळीचा प्रश्न वाटतो. रांगेत मागे चार माणसं, पोरांचा हट्ट, डोक्यात बजेट. अशा वेळी मेन्यूवरून नजर फिरते ती दोन-चार सेकंद. तेवढ्यात काय आधी दिसतं, यावर बरंच ठरतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. कॅलरीचा आकडा पदार्थाच्या उजवीकडे न छापता डावीकडे छापला. इंग्रजी डावीकडून उजवीकडे वाचतात, त्यामुळे आकडा नावाच्या आधी नजरेत आला. लोकांनी मागवलेल्या कॅलरी जवळपास पाव हिश्श्याने घटल्या. उजवीकडचा आकडा वाचेपर्यंत मन पदार्थावर जडलेलं असतं, मग तो मागाहून आलेल्या सल्ल्यासारखा बाजूला पडतो. हेच त्यांनी इस्रायलमध्ये हिब्रू वाचणाऱ्यांवर करून पाहिलं. हिब्रू उजवीकडून वाचतात. तिथे परिणाम उलटला : उजवीकडचा आकडा काम करू लागला. एका मोठ्या हॉटेलसाखळीला हे करायला छपाईचा वेगळा खर्चही येत नाही.

दुसरी अडचण आकडा समजण्याची. ५४० जास्त की कमी? बाल्टिमोरमधल्या छोट्या किराणा दुकानांत सारा ब्लाइश यांच्या गटाने शीतपेयांच्या कपाटावर फलक लावले. त्यांतल्या एकावर लिहिलं होतं, की ही बाटली जिरवायला सुमारे पन्नास मिनिटं धावावं लागतं. तिथली किशोरवयीन मुलं गोड पेयं कमी घेऊ लागली. मात्र अन्न ही पळून फेडायची शिक्षा, असा ठसा कोवळ्या मनावर उमटू नये, याची मला धास्ती वाटते. खाण्याच्या विकारांशी झगडणाऱ्यांना प्रत्येक आकडा बोचतो. इंग्लंडच्या नियमात ग्राहकाने मागितलं तर कॅलरी नसलेला मेन्यू देण्याची मुभा आहे. ही तरतूद करणाऱ्यांनी माणूस ओळखला, असं म्हणावंसं वाटतं.

आता मूळ मुद्दा. वरचे सगळे अभ्यास ग्राहकाच्या हाताकडे पाहत होते. काहींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. २०१८च्या नियमानंतर अमेरिकेतल्या मोठ्या साखळ्यांनी जे नवे पदार्थ मेन्यूत आणले, त्यांत आधीच्या नव्या पदार्थांपेक्षा सरासरी सुमारे ११३ कॅलरी कमी आढळल्या, म्हणजे जवळपास पंचवीस टक्के. जुने, लोकांच्या सवयीचे पदार्थ मात्र होते तसेच राहिले. पाऊण चमचा साखर कुठे आणि ११३ कॅलरी कुठे! चार आकडी संख्या आपल्याच नावाखाली छापायची वेळ आली की पाककृती ठरवणाऱ्याचा हात सॉसवर, चीजवर, तेलावर जरा अडखळतो. ग्राहकाने आकडा वाचला नाही तरी त्याचा फायदा त्याच्या ताटात येतो.

आपल्याकडे हा नियम आहे, हे किती जणांना माहीत असतं? ‘एफएसएसएआय’च्या २०२०च्या लेबलिंग आणि प्रदर्शन नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यव्यवसायांनी प्रत्येक पदार्थासमोर एका सर्व्हिंगच्या किलोकॅलरी आणि सर्व्हिंगचं माप द्यायचं आहे. मुदतवाढ मिळत मिळत त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२२ला सुरू झाली. सोबत प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २,००० किलोकॅलरी लागतात आणि गरज व्यक्तीनुसार बदलते, हे वाक्यही हवं. पण एखाद्या साखळीचा मेन्यू नीट न्याहाळा. पदार्थाचं नाव ठळक, भाव ठळक, नि आकडा मुंगीएवढा, फिकट अक्षरांत. शिवाय तो एका सर्व्हिंगचा. समजा पिझ्झाच्या सर्व्हिंगला ३०० लिहिलंय आणि पिझ्झा चार सर्व्हिंगचा आहे. तो एकट्याने संपवणाऱ्याने भुकेल्या पोटी १,२०० चा हिशेब मांडायचा!

वडापावची गाडी आणि कोपऱ्यावरची खानावळ या नियमाबाहेर आहेत, ते योग्यच आहे. तिथे तेलाची धार आचाऱ्याच्या मनगटावर असते, वाटी रोज सारखी भरत नाही. ठरलेली पाककृती आणि मोजून वाढणं असलेल्या अमेरिकी हॉटेलांतही २०११च्या एका तपासणीत जवळपास प्रत्येक पाचव्या पदार्थात छापल्यापेक्षा शंभरहून जास्त कॅलरी निघाल्या होत्या. गाडीवाल्याला प्रयोगशाळेचा खर्च लावून काय साधणार? जुलै २०२५ मध्ये समोसा-जिलबीवर इशारे छापणार अशी आवई उठली, नागपूरच्या ‘एम्स’चं नाव त्यात आलं आणि केंद्राला खुलासा करावा लागला, की कार्यालयांत तेल-साखरेचे माहितीफलक लावण्याची ती सूचना आहे, विक्रेत्यांसाठी लेबल नव्हे. त्या गोंधळात मोठ्या साखळ्यांचा, आधीच लागू असलेला नियम कोणी आठवला नाही.

म्हणून आपण मागणी करायला हवी ती आकड्याच्या ठळकपणाची, नावाआधी तो छापण्याची आणि अख्ख्या पदार्थाचा आकडा देण्याची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साखळ्यांनी जाहीर केलेले हे आकडे दरवर्षी एका जागी नोंदवले जावेत. मग कोणाच्या पाककृतीतलं तेल-साखर कमी झालं आणि कोणाचं वाढलं, ते कोणालाही तपासता येईल. इथे पाककृती एका मुख्यालयात ठरते, आणि बदल घडवायचा तर तिथेच घडतो.

पुढच्या आठवड्यात : चिलीने २०१६ मध्ये पॅकबंद अन्नाच्या दर्शनी बाजूला छापलेले काळे अष्टकोन, आणि त्यानंतर कंपन्यांनी काय केलं.

(क्रमशः)