खातेदाराचे गुपित

बँकेत लागताना एका प्रतिज्ञापत्रावर सही घेतात. निष्ठा आणि गुप्ततेची ही प्रतिज्ञा राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यातच आहे. तीसेक वर्षे मी त्या सहीला बांधील होतो. कोणाच्या लेजरात काय आहे, हे घरी बायकोलाही सांगायचे नाही, हे आमच्या अंगात मुरलेले होते.

या बंधनाला नेमके रूप दिले ते १९२४ सालच्या एका इंग्लिश निकालाने. टूर्नियर नावाच्या खातेदाराकडे बँकेचे जेमतेम नऊ पौंड येणे होते. मॅनेजरने त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलण्याच्या ओघात, हा पैजा लावणारा दिसतो, असेही सुचवले. टूर्नियरची नोकरी गेली. गुप्तता हे बँकेचे कायदेशीर कर्तव्यच आहे, असे अपील न्यायालयाने ठरवले. अपवाद चारच: कायद्याची सक्ती, सार्वजनिक हित, बँकेचे स्वतःचे हित आणि खातेदाराची संमती.

आज मोबाईलमधल्या एखाद्या ॲपला आपल्याविषयी जे ठाऊक असते, ते आमच्या लेजरात कधीच नव्हते. आपण कुठे जातो, कोणाशी बोलतो, काय विकत घेतो, सारेच. आणि हे सारे आपल्या ‘संमती’ने! न वाचलेल्या पंधरा पानांखालच्या बटणावर बोट टेकवले की झाले. तेव्हाचा अपवाद आज राजमार्ग झाला आहे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे चांगलेच. पण तो दंड जाणार सरकारी तिजोरीत. ज्याचे नुकसान झाले, त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. आजच्या टूर्नियरने करायचे काय?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून सूट देऊ शकते. तपासासाठी माहिती लागते, हे मला मान्य आहे. आमच्याकडेही प्राप्तिकर खात्याची, पोलिसांची मागणी येई. पण ती लेखी असे, कलम नमूद करून, सहीशिक्क्यानिशी. तो कागद फाईलला लागे. उद्या कोणी विचारले तर दाखवता येई. माझे मागणे तेवढेच आहे. जो कागद बँकेतला साधा कारकून मागत असे, तो सरकारनेही आपल्या फाईलला लावावा आणि ती फाईल न्यायाधीशाला उघडता यावी.