घोटीची खरी भेट : तांदूळ आणि मुरमुरे

मुंबईहून नाशिककडे जाताना कसारा घाट चढून इगतपुरी मागे पडली, की घोटी लागते. कळसूबाई आणि भंडारदऱ्याला जाणारे पर्यटक येथूनच वळतात. परतताना आप्तेष्टांसाठी काही न्यावे म्हणून ते चिक्कीचे पुडे घेतात. हे पुडे महामार्गावर कोठेही मिळतात. घोटीची ख्याती मात्र तांदळाची बाजारपेठ म्हणून आहे.

इगतपुरी तालुका मुसळधार पावसाचा असल्याने भात हेच येथील प्रमुख पीक आहे. ग्राहकांची विशेष पसंती इंद्रायणीला असते. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात विकसित झालेला हा वाण १९८७ मध्ये प्रसारित झाला. मंद सुवास आणि मऊ, किंचित चिकट भात ही त्याची वैशिष्ट्ये होत.

खरेदी करताना तांदूळ नवा की जुना, हे प्रथम विचारावे. दिवाळीच्या सुमारास येणारा नवा तांदूळ शिजल्यावर अधिक चिकट होतो, त्याला पाणीही कमी लागते. जुन्याचा भात तुलनेने मोकळा होतो. मूठभर तांदूळ तळहातावर चोळून वास घ्यावा, कणीचे प्रमाण पाहावे. दाणे लहानमोठे दिसल्यास भेसळीची शंका घ्यावी. कमी पॉलिशचा तांदूळ पौष्टिक असला तरी लवकर खवट होतो, म्हणून तो बेताचाच घ्यावा. कणी स्वस्त पडते. मऊ भातासाठी आणि खिरीसाठी ती उत्तम.

दुसरी भेट मुरमुऱ्यांची. भात भिजवून, उकडून, वाळवून भरडतात. त्या तांदळाला मिठाचे पाणी लावून तो तापलेल्या वाळूत भाजला, की दाणा क्षणात फुलतो. पावसाळी हवेत मुरमुरे लगेच सादळतात, त्यामुळे पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि घरी पोहोचताच ते डब्यात भरावेत.

डोंगरउतारावर आदिवासी शेतकरी नागली, वरई आणि खुरासणी पिकवतात. आठवडे बाजारात हे धान्य थेट त्यांच्याकडून मिळाल्यास अवश्य घ्यावे. शहरात याच धान्याला मिळणाऱ्या दरातील फार थोडा वाटा पिकवणाऱ्याच्या हाती पडतो. बाजारात मोजलेला पैसा मात्र थेट त्याच्या घरी जातो. तेथे अवाजवी घासाघीस टाळलेलीच बरी.