दुचाकीस्वारांचा वाटेवरचा रामराम

पायवाटेने जाणारे दोन अनोळखी वाटसरू समोरासमोर आले म्हणजे ‘राम राम’ म्हणावयाचे, ‘कुठले पाव्हणे?’ असे विचारावयाचे आणि आपापल्या वाटेला लागावयाचे, ही रीत आपल्या खेडोपाडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. या रामरामामागे केवळ शिष्टाचार नव्हता. पुढे ओढ्याला पाणी किती आहे, घाटात एखादी गाडी अडली आहे काय, मुक्कामाला जागा मिळेल काय, ही माहिती त्या दोन शब्दांच्या ओघातच मिळून जात असे. शिवाय, ‘तुला मी पाहिले आहे, माझ्यापासून तुला भय नाही’ एवढे आश्वासन त्यात असेच असे. पुढे वाहनांचा वेग वाढला, माणूस काचेच्या आड जाऊन बसला आणि ही रीत मागे पडली. मोटारीतून जाणारा गृहस्थ समोरून येणाऱ्या मोटारीतील अनोळखी गृहस्थाला रामराम घालीत नाही. मौजेची गोष्ट अशी की, यंत्रयुगातल्या एका वाहनावर मात्र ही जुनी रीत टिकून राहिली. ते वाहन म्हणजे दुचाकी.

युरोप-अमेरिकेतील मोकळ्या रस्त्यांवर दोन मोटारसायकलस्वार समोरासमोर आले की, ओळख असो वा नसो, ते एकमेकांस अभिवादन करतात. मात्र त्याची तऱ्हा देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेतला स्वार डावा हात खाली, रस्त्याच्या बाजूस लांबवतो. फ्रान्समधला स्वार त्याच हाताची दोन बोटे उघडून दाखवतो. इंग्लंडातला स्वार हात हँडलवरून न काढता केवळ मान हलवतो. हा फरक त्या त्या लोकांच्या स्वभावाचा असावा, असे प्रथमदर्शनी वाटते; परंतु त्याचे खरे कारण यंत्राच्या रचनेत आणि रस्त्याच्या नियमात सापडते.

मोटारसायकलची उजवी मूठ पिळली की वेग वाढतो आणि सोडली की कमी होतो. पुढच्या चाकाचा ब्रेकही त्याच मुठीपाशी असतो. म्हणून चालत्या गाडीवर उजवा हात सोडणे अवघड. डाव्या हाताकडे क्लच असतो, आणि तो गिअर बदलण्यापुरताच लागतो. सरळ रस्त्यावर क्षणभर मोकळा होऊ शकेल असा हात हा एकटाच. आता ज्या देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तेथे समोरचा स्वार आपल्या डाव्या अंगाने निघून जातो. मोकळा हात नेमका त्याच्याच बाजूला येतो. जेथे वाहने डावीकडून चालतात, तेथे समोरचा स्वार उजव्या अंगाने जातो आणि मोकळा हात पलीकडे राहतो. अशा वेळी मान हलवणेच सोयीचे. फ्रान्समध्ये तर याच कारणाने आभार पायाने मानण्याची पद्धत पडली आहे. एखाद्या मोटारचालकाने बाजूला सरून वाट दिली की, तो उजवीकडे असतो आणि उजवा हात तर गुंतलेला. म्हणून स्वार उजवा पाय बाहेर काढून कृतज्ञता व्यक्त करतो. ही खूण ठाऊक नसलेल्या प्रवाशाला तो लाथच दाखवीत आहे असा भास व्हावयाचा!

भारतात आपण डावीकडून वाहने चालवतो. गोव्यातही, पोर्तुगीज राजवट असताना, हाच नियम होता. पोर्तुगालने १९२८ मध्ये आपली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. पण गोव्याच्या सीमेपलीकडे सर्वत्र डावीकडूनच वाहतूक असल्यामुळे तेथे हा बदल केला गेला नाही. त्यामुळे पणजीहून चोर्ला घाटाने बेळगावास जाणाऱ्या स्वारालाही समोरच्याची दखल घ्यावयाची तर मान हलवण्याचा मार्गच अधिक नैसर्गिक ठरतो.

रस्त्यावरच्या सलामाचा एक जुना आणि बोधप्रद इतिहास इंग्लंडात घडलेला आहे. मोटारींना ताशी २० मैलांची वेगमर्यादा असताना पोलीस झुडपांआड दबा धरून बसत आणि मर्यादा ओलांडणाऱ्यांस पकडीत. सभासदांना या सापळ्यांची पूर्वसूचना देण्यासाठी १९०५ मध्ये ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ ही संस्था निघाली. तिचे पहारेकरी प्रथम सायकलींवरून व पुढे मोटारसायकलींवरून रस्त्यांवर हिंडत. परंतु वेगाने येणाऱ्यास अशी सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कर्तव्यात अडथळा आणणे होय, असा निर्णय १९१० च्या सुमारास न्यायालयाने दिला. तेव्हा संस्थेने एक नामी युक्ती योजली. गाडीवर संस्थेचे पदक दिसले की पहारेकऱ्याने सलाम करावयाचा, आणि सलाम केला नाही तर सभासदाने थांबून त्याचे कारण विचारावयाचे! खूण केली म्हणून शिक्षा होऊ शकते. खूण न केल्याबद्दल कोण शिक्षा करणार? पुढे सापळ्यांचा प्रश्न मागे पडला, तरी हा सलाम कित्येक दशके चालू राहिला. रहदारी फार वाढली तेव्हा १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तो बंद झाला. वाटेवरचे अभिवादन ही नुसती शोभेची वस्तू नसून त्यात एक संदेश दडलेला असतो, हे या इतिहासावरून ध्यानात येते.

आता एक नाजूक प्रश्न उरतो, आणि तो स्कूटरस्वारांचा आहे. पाश्चात्त्य देशांतील कित्येक मोटारसायकलस्वार समोरून स्कूटर आली तर अभिवादन करीत नाहीत. इतकेच नव्हे, तर स्कूटरस्वाराने आपण होऊन केलेल्या खुणेलाही प्रत्युत्तर देत नाहीत. या दुराव्याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडकळीस आलेल्या इटलीला स्वस्त वाहन हवे होते. विमानविद्येतील तज्ज्ञ कोर्रादिनो दास्कानिओ यांनी आखलेली ‘व्हेस्पा’ १९४६ मध्ये पिआज्जो कंपनीने बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी ‘लँब्रेटा’ आली. पायांपुढे पत्र्याची ढाल, झाकलेले यंत्र, मध्ये पाय ठेवण्यास मोकळी जागा, अशी ही गाडी कपडे न मळता आणि स्त्रियांनाही सहज चालवता येई. मोटारसायकल हे धाडसाचे वाहन आणि स्कूटर हे सोयीचे, अशी वाटणी लोकांच्या मनात झाली. इंग्लंडात तर १९६४ च्या ईस्टरच्या सुटीत क्लॅक्टन येथे आणि त्यानंतर मे महिन्यात मार्गेट व ब्रायटन येथे स्कूटरवाले ‘मॉड’ व मोटारसायकलवाले ‘रॉकर’ या तरुणांच्या टोळ्यांच्या दंगलींनी वर्तमानपत्रे गाजली.

आपल्याकडे मात्र या उच्चनीचतेला कधी पायाच नव्हता. लँब्रेटा मुंबईत तयार होऊ लागली, पुण्याजवळ आकुर्डीस बजाज कंपनीने व्हेस्पा बनवली आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आणली. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि ती दारात आली की पेढे वाटले जात. पुढे एक मूल उभे, मागे पत्नी आणि तिच्या मांडीवर दुसरे मूल, हे चित्र श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरच्या जुन्या छायाचित्रांत सापडेल. असे वाहन तुच्छ कसे ठरावे?

आणि विचारांती दिसते ते असे की, अभिवादनाचे मूळ वाहनाच्या प्रतिष्ठेत नसून स्वाराच्या उघडेपणात आहे. मोटारीतल्या माणसाभोवती पत्रा असतो. दुचाकीस्वाराभोवती काहीही नसते. अमेरिकेत हॅरी हर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधील ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन घडले होते. आणि त्यांतही दोन-तृतीयांश वेळा दुसऱ्या वाहनाने दुचाकीस्वाराच्या हक्काच्या वाटेत शिरून अपघात ओढवला होता. मोटारचालकांना समोरची दुचाकी दिसलीच नाही, हे त्याचे मुख्य कारण. भारतात २०२२ या एका वर्षी रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांत दुचाकीवरील माणसांचे प्रमाण सुमारे ४४.५ टक्के होते. ज्यांना न दिसण्याचे भय आहे, त्यांनी एकमेकांस ‘तू दिसलास’ असे सांगणे, हा या अभिवादनाचा गाभा होय. खड्ड्यात गेलेले चाक स्कूटरचे की मोटारसायकलचे, हे डांबर पाहत नाही.

परंतु परदेशातील रीत जशीच्या तशी आपल्या शहरांत आणता येणार नाही. आपल्या देशात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे पाऊण हिस्सा दुचाकींचाच आहे. पुण्याच्या किंवा इंदूरच्या चौकात प्रत्येकास मान हलवू लागल्यास मानच दुखावयाची! म्हणून आपल्याकडे हा रामराम निराळ्या रूपाने वावरतो. मनाली-लेहसारख्या ओसाड रस्त्यावर अनोळखी स्वारही परस्परांस हात दाखवतात, आणि दूरदेशी गाडीच्या पाटीवर आपल्या गावची अक्षरे दिसली म्हणजे बेळगावकराचा वा बडोदेकराचा हात साहजिकच उचलला जातो. गावात मात्र हा रामराम एका शब्दात सामावतो : ‘स्टँड!’

साइड स्टँड खालीच राहिलेली दुचाकी डावीकडे वळताना कलते, स्टँड रस्त्यावर टेकते आणि गाडी उचलली जाऊन स्वार फेकला जातो. हे पाहून शेजारून जाणारा कोणीही ओरडून वा बोट दाखवून सावध करतो. ‘ताई, ओढणी!’ किंवा ‘मावशी, पदर सांभाळा!’ ही हाकही त्याच जातीची. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आच्छादन असावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी घालून दिले आहे. तरीही वाऱ्यावर उडणारी ओढणी कोणता नियम धरून ठेवणार? तेथे परक्याची हाकच उपयोगी पडते. हाक देणारा नाव विचारीत नाही, आभारासाठी थांबत नाही. सावध झालेल्याने हात किंचित उंचावला, की व्यवहार पुरा होतो.

यांतील एक खूण मात्र कालबाह्य झाली आहे. दिवसा पुढचा दिवा जळत असला तर बोटे मिटून-उघडून तसे दाखवण्याची पद्धत होती. परंतु १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकींचा दिवा, यंत्र चालू असेतोवर, आपोआप जळत राहतो. दुचाकी दुरूनच दिसावी, हाच त्यामागील हेतू. तेव्हा आता ती खूण करणाऱ्याने स्वतःचा श्रम वाचवावा, आणि जिला ती केली गेली त्या नव्या गाडीच्या स्वाराने रागावू नये. दुसरी एक खूण विचार करण्याजोगी आहे. पुढे पोलीस उभे आहेत, हे दिवा उघडझाप करून सांगण्याची चाल सर्वत्र आढळते. तिच्यात बंधुभाव आहे खरा. पण तिचा लाभ बहुधा ज्याने शिरस्त्राण घातलेले नाही वा जो प्यालेला आहे, त्यालाच होतो. ज्या सूचनेने माणूस वाचतो ती सूचना आणि ज्या सूचनेने केवळ दंड वाचतो ती सूचना, यांत फरक करावयास हवा. घाटात दरड कोसळली आहे, वळणापलीकडे झाड आडवे पडले आहे, रस्त्यावर तेल सांडले आहे, हे तळहात खाली-वर करून सांगणाऱ्याचे ऋण मात्र मोठे.

अभिवादनालाही मर्यादा आहेत, आणि त्या पाळणे हाच खरा शिष्टाचार. वळणावर, उतारावर, पावसात, गर्दीत हात सोडू नये. तेथे मानेची हालचाल पुरे, तीही न केली तरी चालेल. उंचावलेला हात वळण्याची खूण समजला जाऊ नये, याची काळजी घ्यावी. बिनगिअरच्या स्कूटरवर अधिकच सावध राहावे. कारण तिच्या डाव्या मुठीपाशी क्लच नसून मागच्या चाकाचा ब्रेक असतो, आणि डावा हात काढला म्हणजे तो ब्रेकही हातचा गेला. स्कूटरची चाके लहान असल्यामुळे खड्ड्याचा हिसकाही तिला अधिक बसतो. मागे कोणी बसले असेल तर हात हलवण्याचे काम त्याच्यावर सोपवणे उत्तम. आणि समोरच्याने प्रत्युत्तर दिले नाही, तर त्याने मान राखला नाही असे समजू नये. बहुधा तो आपला जीव सांभाळीत असतो.

एवढे संभाळून ज्याला सवड मिळेल त्याने समोरच्याची दखल अवश्य घ्यावी, आणि ती घेताना गाडी कोणती, केवढ्याची, हे पाहू नये. शहरात हात हलवणे जमले नाही तरी, शेजारच्या गाडीचे स्टँड खाली आहे काय, मागे बसलेल्या बाईचा पदर चाकापाशी लोंबतो आहे काय, एवढे पाहणे जमण्याजोगे आहे. ओढ्याला पाणी चढल्याची वार्ता देऊन पुढे जाणाऱ्या जुन्या वाटसरूने याहून वेगळे काही केले नव्हते.