पाचट, जैवतेल व हायड्रोजन : एक ताळेबंद

तासगांव भागांत खरड छाटणी व फळछाटणी अशा दोन वेळां द्राक्षबागांतून काड्यांचे ढीग निघतात. ऊस तुटल्यावर पाचट राहतें. पुष्कळ ठिकाणीं तें पेटवून मोकळें होण्याची चाल आहे. अशा जिनसांपासून हायड्रोजन वायु निघतो, असें अलीकडे सांगण्यांत येतें. तें खरें आहे. परंतु जमा व खर्च या दोन्ही बाजू पाहिल्यावांचून शेतकरी बंधूंनीं मत बनवूं नये.

प्रथम कृति. सुकें पाचट बारीक करून, हवा न लागूं देतां, सुमारें ५०० अंश सेंटिग्रेडवर क्षणभर तापविलें व निघालेली वाफ त्वरित थंड केली, म्हणजे काळसर, आंबट द्रव मिळतो. यासच जैवतेल म्हणतात. तें पाण्याच्या वाफेसह निकेलवरून ६०० ते ८०० अंशांच्या उष्णतेंत नेलें असतां हायड्रोजन सुटतो.

आतां जमा. शिरक्यास आंबटपणा देणारें ॲसेटिक आम्ल या तेलांत असतें. त्याचाच हिशेब घेऊं. ६० किलो आम्लांत हायड्रोजन अवघा ४ किलो. त्यास ३६ किलो पाण्याची वाफ जोडून क्रिया पूर्ण झाली, तर ८ किलो हायड्रोजन व ८८ किलो कार्बन डायॉक्साइड मिळतो. ९६ किलो आंत, ९६ किलो बाहेर, ताळा जमतो. म्हणजे निम्मा हायड्रोजन पाण्यांतून आला! बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनें तेल न करतां, काडीकचऱ्यास थेट वाफ व ऑक्सिजन देऊन, १ किलो कचऱ्यापासून १०० ग्रॅम हायड्रोजन मिळविल्याचें २०२२ सालीं जाहीर केलें. मूळ कचऱ्यांत तो ६० ग्रॅमच असतो.

परंतु पाणी कांहीं फुकट फुटत नाहीं. वरील उदाहरणांत, मिळालेला हायड्रोजन जाळून जी उष्णता येईल, तिच्या सुमारें पाव हिश्श्याइतकी उष्णता आधीं बाहेरून द्यावी लागते. शिवाय तेल फोडण्यास प्रखर उष्णता हवी, तर मागें उरलेल्या कार्बन मोनॉक्साइडकडून वाफेंतला हायड्रोजन सोडवून घेण्यास ती कमी हवी. म्हणून वायु पुढें थंड कोठींतून न्यावा लागतो. वाफ कमी दिल्यास निकेलवर काजळी बसते. फार दिल्यास पाणी उकळण्याचें जळण वाढतें.

नजीकचा दाखला फलटणचा. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेनें उसाचें पाचट व चिपाड यांपासून जळाऊ वायु करणारी भट्टी बनवून १९९७ सालीं तिची माहिती प्रसिद्ध केली. तो वायु कारखान्यांतील भट्ट्या तापविण्याकरितां होता. आपल्या जिनसांचें जळण होतें, हें तेथें सिद्ध झालें; शुद्ध हायड्रोजन ही त्यापुढची पायरी होय.

तात्पर्य, हें काम खळ्यावरचें नव्हे, कारखान्याचें आहे. शेतकऱ्यानें पाचट पेटवूं नये व ओलें विकूं नये; कारण ओलावा सुकविण्याची उष्णता शेवटीं भावांतूनच कापली जाते. पाचट रानांत कुजविल्यास जमिनीस सेंद्रिय खत मिळतें. त्याची किंमत वजा करून जो भाव उरेल, तोच खरा नफा.