वास्तुविशारदाचा सीए क्रमांक

नगरजवळच्या फराहबागेतला महाल दोनदा बांधावा लागला. नियामतखानाने उभारलेली पहिली इमारत सुलतान मुर्तझा निजामशहाच्या मनास आली नाही, म्हणून ती पाडली गेली. मग सलाबतखानाच्या देखरेखीखाली नवे काम झाले, ते १५८३ मध्ये पुरे झाले. तळ्याच्या मधोमध अष्टकोनी दुमजली महाल, मधल्या दालनावर घुमट. आज तळे कोरडे आहे, तरी पडक्या भिंती पाहताना छाती दडपते. बांधणाऱ्याची परीक्षा तेव्हा सुलतान घेई, आणि तीही इमारत उभी राहिल्यावर.

आज ती परीक्षा पहिली वीट रचण्याआधीच होते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्या विद्यार्थ्याने 'नाटा'सारखी प्रवेश परीक्षा द्यायची, मग पाच वर्षांचा बी.आर्क. यात सर्वांत कठीण जाते ती ज्युरी. विद्यार्थी आपली शीट भिंतीवर लावून, मॉडेल टेबलावर ठेवून उभा राहतो आणि परीक्षक विचारतात: जिना इथेच का? पश्चिमेचे ऊन या खोलीत दुपारभर येईल, त्याचे काय? उत्तर पटले नाही तर आराखडा पुन्हा काढायचा. एक सत्र प्रत्यक्ष एखाद्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात काढावे लागते.

पदवी मिळाली की १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने स्थापलेल्या काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होते आणि 'सीए'ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. पुन्हा वेगळी परीक्षा नाही. अमेरिकेत मात्र पदवीखेरीज साधारण ३,७४० तासांचा अनुभव आणि सहा भागांची परीक्षा असते. अनुभवानंतरची अशी एखादी परीक्षा आपल्याकडेही हवी, असे मला मनापासून वाटते. कायदा आला तेव्हा पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षे व्यवसायात असलेल्यांनाही नोंदणीची वाट दिली होती. हाताच्या अनुभवाची ती कदर होती.

आणि खरे नवल पुढेच आहे. हा कायदा पदनाम राखतो, काम नाही. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले: नोंदणी नसलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू नये, पण इमारतीचा आराखडा करण्याचे काम फक्त नोंदणीकृतांचेच, असे कायदा म्हणत नाही. पदनामाचा पहिला गैरवापर सिद्ध झाला तर दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये! जहाजांचा नेव्हल आर्किटेक्ट आणि बागांचा लँडस्केप आर्किटेक्ट यांना या बंदीतून वगळले आहे.

म्हणूनच 'प्लॅन पास करून देतो' म्हणणारा माणूस वास्तुविशारद असेलच असे नाही. तो परवानाधारक इंजिनिअरही असू शकतो, आणि त्यात गैर काही नाही. फक्त घर बांधणाऱ्याला समोर कोण बसले आहे ते ठाऊक असावे. आर्किटेक्ट म्हणवणाऱ्याला बिनधास्त सीए क्रमांक विचारा. काउन्सिलच्या संकेतस्थळावर नाव शोधता येते. नोंदणी वेळेवर नूतनीकृत केलेली आहे का, तेही पाहून घ्या.