हातभर खाली

वर्सोव्याहून तरीने मढला उतरतो, तर स्वागताला आधी बोंबलांचा वास. वलांड्यांवर ओळीने टांगलेले बोंबील वाऱ्यावर हलतायत. रिक्षावाल्याला बंगल्याचं नाव सांगितलं तर तो गोंधळतो. तिथे चालणाऱ्या मालिकेचं नाव सांगितल्यावर लगेच मीटर टाकतो.

ती मालिका दुसरीकडे हललीय. दिवाणखान्यात तिचा सोनेरी वॉलपेपर मागे राहिलाय. त्याच्यासमोर काटकोनात प्लायचे दोन फ्लॅट उभे आहेत: लालबागच्या चाळीतली खोली. १८ जानेवारी १९८२, सोमवारची संध्याकाळ, सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या संपाचा पहिला दिवस. भिंती दोनच, कारण तिसरीला पैसे नाहीत. कॅमेरामनला त्याचं दुःख नाही. "तिसरी असती तर तिकडे बघायचा मोह झाला असता," तो म्हणतो, "मग तीही सजवा."

खिडकीतून बंगल्याचा माड दिसतो, म्हणून तिला ट्रेसिंग पेपर चिकटवलाय. बाहेरचा दिवा खिडकीकडे तोंड करून नाही; तो समोरच्या पांढऱ्या थर्माकोलवर मारलाय आणि त्यावरून उलटलेला मऊ उजेड आत येतोय. युक्ती जुनी आहे. १९५६च्या 'अपराजितो'साठी काशीचं घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं केलं होतं, तेव्हा सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणून दिवे त्याच्यावर मारले आणि चौकात उतरतो तसा उजेड मिळवला. इथे कापडाऐवजी थर्माकोल, तोही एका कोपऱ्यात तुटलेला.

कलादिग्दर्शिका तिशीतली आहे. तिच्या हातात फवाऱ्याची बाटली, बाटलीत काळा चहा. नटाचं बनियनही सकाळी चहातून काढलंय. कोरं पांढरं कॅमेऱ्यात जळतं. भिंतीला नीळ घातलेल्या चुन्यासारखा रंग आहे आणि त्यावर ती बटणांभोवती, कडीपाशी, मोरीच्या कडेला तेवढाच चहा मारते. "सगळीकडे सारखी घाण केली की तो रंग वाटतो," ती म्हणते. "हात जातो तिथेच मळतं ना."

दाराशेजारी कालनिर्णय लटकतंय. आहे २०१०चं, रद्दीतून आणलेलं. १९८२चे वार २०१०शी तंतोतंत जुळतात, सालाचा आकडा दुमडून मागे घेतलाय. साहाय्यक दिग्दर्शकाचा जीव मात्र टांगणीला लागलाय, कारण वार जुळले तरी तिथी कशा जुळाव्यात? पानावर १५ तारखेला अमावस्या आहे आणि १९८२च्या त्या जानेवारीत ९ तारखेच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, म्हणजे पौर्णिमा. हे कोण बघणार? पण मराठी प्रेक्षकाच्या घरी एक तरी आजी असते, आणि ती बघते.

तेवढ्यात चहा घेऊन आलेले स्पॉटदादा भिंतीसमोर थबकतात. भिंतीवर एक तेलकट, काळसर गोल डाग आहे. खोबरेल आणि काजळी, सकाळपासूनची मेहनत.

"मॅडम, हा कशाचा?"

"डोकं टेकून टेकून पडतो ना दादा, तेलाचा."

"ते खरं. पण एवढा वर?" ते ट्रे खाली ठेवतात आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर मांडी घालून बसतात. डाग त्यांच्या डोक्याच्या वर हातभर राहतो. "खुर्ची पाहुण्याला असायची. आमचे वडील गिरणीतून आले की असे बसायचे."

कोणी काही बोलत नाही. मग ती त्यांना उठू देत नाही. टेकल्या डोक्यामागे पेन्सिलीने खूण करते आणि तिथे नवा डाग घासायला घेते. वरचा डाग पुसला जाईना, प्लायने तेल पिऊन टाकलंय. शेवटी दाराजवळचं कालनिर्णय काढून त्याच्यावर टांगतात.

आता ते अगदी फ्रेमच्या मध्ये आलं. साहाय्यक दिग्दर्शक कपाळाला हात लावतो. "फोकसमध्ये नसेल," कॅमेरामन समजावतो. स्पॉटदादा उठता उठता विचारतात, "दुधाचा हिशोब नाही लिहिला?" निळं पेन येतं. एक ते अठरा, रोज अर्धा लिटर, मध्ये दोन खाडे. पंधरा तारखेचा अर्धा जरा ठसठशीत निघतो, अमावस्या खाऊन टाकणारा.

मॉनिटरवर बघतो तर सोनेरी वॉलपेपर, रिकामा पोहण्याचा तलाव, केबलींचा गुंता, सगळं चौकटीबाहेर पडलंय. साठ वॅटचा पिवळा बल्ब, निळसर भिंत, आणि नट येऊन खाली बसतो. रोल. साउंड.

"थांबा, होडी," ध्वनिमुद्रक हात वर करतो.

खाडीतून मासेमारीची होडी टकटकत चाललीय. लालबागच्या खोलीत होडी कशी येणार? सगळे थांबतात. स्पॉटदादा दाराआड रिकामे ग्लास हातात धरून उभे, वाजू नयेत म्हणून एकेकात बोट घालून. नट तसाच बसून राहिलाय, मागे डोकं टेकून, डोळे मिटून, आणि त्याच्या केसांचं तेल डागाला लागतंय.