आसनाखालचे इंजिन

ॲम्बेसेडर किंवा फियाट गाडीचे बॉनेट उघडले की इंजिनाचे बहुतेक भाग मेकॅनिकच्या हाताशी येत. दिल्लीतील मेकॅनिकांची एक पिढी प्रामुख्याने याच गाड्यांवर तयार झाली होती. १९८४ मध्ये तेव्हाच्या गुडगावच्या कारखान्यातून मारुती व्हॅन बाहेर पडली. तिला पुढे नाकच नव्हते. इंजिन पुढील आसनांच्या खाली होते. आसन उचलून, आत वाकून काम करावे लागे. तथापि खरी अडचण जागेची नव्हती, कानाची होती.

व्हॅनच्या ७९६ घनसेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनाला सिलिंडर तीनच. चार धावांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच जोर देतो. सिलिंडर चार असले तर असा जोर दर १८० अंशांनी मिळतो. एकाचा संपतो तोच दुसऱ्याचा सुरू होतो. तीन असले तर हे अंतर २४० अंशांचे होते आणि मध्ये ६० अंश कोणीच जोर देत नाही. त्यामुळे मंद गतीवर हे इंजिन थोडे थरथरतेच. ॲम्बेसेडरवर कान तयार झालेल्या कारागिराला मात्र एक सिलिंडर बंद पडला आहे असे वाटे. तो कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून गती वाढवी. थरथर लपे आणि पेट्रोल अधिक जळे. जाणता मेकॅनिक प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाही. प्रत्येक वेळी गती सारखीच उतरली, तर तिन्ही सिलिंडर ठीक आहेत आणि दोष असलाच तर तो इंजिनाखालच्या रबरांत शोधावा, हे त्याला कळे.

चूक महागात पडे ती हेडच्या बाबतीत. ॲम्बेसेडरचे हेड बिडाचे, व्हॅनचे ॲल्युमिनियमचे. बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळणे बिडाने पुष्कळ सोसले होते. ॲल्युमिनियमचे हेड अति तापले की वाकते, आणि मग गॅस्केटमधून पाणी सिलिंडरात शिरते. सुटे भाग काश्मिरी गेटच्या बाजारात मिळत. जोर मोजून बोल्ट आवळणारा माणूस शोधावा लागे.

व्हॅनचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. त्यापूर्वीच, २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्या राजधानी क्षेत्रात चालविण्यास मनाई केली होती. कार्ब्युरेटरच्या व्हॅन साहजिकच तीत आल्या. ना-हरकत दाखला घेऊन परराज्यात गेलेल्या व्हॅनबरोबर तिचा जुना मेकॅनिक जात नाही. नव्या गावी मालकाने एवढे पाहावे : मेकॅनिकचा हात आधी स्क्रूकडे जातो, की प्लगच्या वायरीकडे.